कॉपी बघून हसू नका

रामसेंच्या सिनेमाला हसणाऱ्या बहुतेकांनी रामसेंचा सिनेमा पाहिलेला नसतो. त्यांनी त्याची पाचवी नाहीतर सहावी कॉपी पाहिलेली असते. थिएटरमध्ये झिजलेली प्रिंट, प्रिंटवरून टेप, टेपवरून भाड्याची व्हीएचएस, तिच्यावरून व्हीसीडी, व्हीसीडीवरून कुणीतरी यूट्यूबवर चढवलेली फाइल आणि त्या फाइलमधून कापलेली तीस सेकंदांची रील. रीलमध्ये भूत येतं, बाई किंचाळते, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींची रांग लागते. भुताचा चेहरा काही दिसत नाही. दिसतो तो तपकिरी रंगाचा एक गोळा. आपण त्या गोळ्याला हसतो आणि रामसेंना हसलो असं समजतो.

हसायला माझी हरकत नाही. ‘पुराना मंदिर’मधला जगदीपचा विनोदी ट्रॅक पाहून मीही कपाळाला हात लावतो, तेही हसून नव्हे. पण एखाद्या माणसाचा फोटो चिखलात बुडवून काढायचा आणि मग ‘काय कळकट माणूस आहे’ म्हणायचं, याला टीका म्हणत नाहीत.

मी उल्हासनगर कॅम्प दोनचा. डुप्लिकेट हा शब्द आम्हाला नवा नाही. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या प्रत्येकाने आम्हाला कधी ना कधी ऐकवलाय, आणि दर वेळी आपणच तो पहिल्यांदा करतोय अशा थाटात. आमच्या एका बाजाराचं नावच जपानी बाजार आहे. त्यामुळे एक गोष्ट इथल्या पोराला शाळेत न जाता कळते: कॉपी आणि कॉपीत फरक असतो. एक कॉपी अशी की मूळवाल्यानेही दोनदा उलटून बघावी. दुसरी पहिल्या धुण्यात रंग सोडणारी. पहिली बनवायला हात लागतो, डोळा लागतो, वेळ लागतो. सिनेमाच्या बाबतीत हा फरक आपण विसरलो. सिनेमा तर मुळातच कॉपीवर जगणारी वस्तू. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह लोक बघत नाहीत, तिची कॉपी बघतात. मग ती कॉपी कोण करतो, कशावरून करतो आणि किती जीव लावून करतो, यावर त्या सिनेमाची आपल्या मनातली किंमत ठरते.

आता रामसे कोण, हे एकदा नीट सांगून टाकतो, कारण ‘भुताचे सिनेमे काढणारे सात भाऊ’ यापलीकडे बहुतेकांना माहिती नसते. फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे. तिथे त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ म्हणता येईना म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं, असं कुटुंबातच सांगितलं जातं. फाळणी झाली आणि हे कुटुंब मुंबईत आलं. लॅमिंग्टन रोडला पुन्हा रेडिओचं दुकान. त्याच लाटेत सिंधमधून आलेल्या हजारो लोकांना कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. ‘कॅम्प दोन’ हे नाव अजून त्या छावणीचंच आहे. रामसे आमच्या गावचे नाहीत. पण ज्या गाडीने आमचे शेजारी आले त्याच गाडीचे ते प्रवासी.

फतेहचंद यांना सिनेमाचा नाद होता. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ (१९५४), मग ‘रुस्तम सोहराब’ (१९६३), मग ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०). हा शेवटचा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तो प्रसंग आला की थिएटरात लोक दचकत होते. तुलसी आणि श्याम या दोघा भावांनी ते पाहिलं आणि वडिलांना सांगितलं की लोकांना एवढंच हवंय, तर आपण एवढंच देऊ. सिनेमा कसा काढायचा हे भावांनी जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणावरच्या पुस्तकावरून शिकून घेतलं. त्यासाठी काश्मीरला हाउसबोट घेऊन राहिले, असं त्यांच्याबद्दलच्या प्रत्येक लेखनात येतं. कुमारने लिहायचं, तुलसी आणि श्यामने दिग्दर्शन, गंगूने कॅमेरा, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन, केशूने निर्मिती आणि पडेल ते. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. सगळे कलाकार, तंत्रज्ञ आणि घरची मंडळी बसमध्ये भरून महाबळेश्वरला गेली, सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकला, घरच्या बायकांनी स्वयंपाक केला. साडेतीन लाखांत आणि चाळीसेक दिवसांत सिनेमा तयार झाल्याचं सांगतात. पुढे मुरूडच्या नवाबाचा राजवाडा पडद्यावर भुताची हवेली म्हणून इतका दिसला की राजवाड्यालाही मानधन द्यायला हवं होतं.

हे सगळं वाचून ‘गोड किस्से आहेत’ असं वाटत असेल तर थांबा. माझा मुद्दा गंगू रामसेंच्या दिव्यांचा आहे.

गंगू रामसेंकडे पैसे नव्हते, पण दिव्यांवर लावायला रंगीत कागद होते. तांबडा, हिरवा, निळा. हवेलीच्या जिन्यावर एका बाजूने निळा, दारामागून तांबडा, मध्ये धूर. चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात ठेवायचा, म्हणजे मुखवट्याची शिवण लपते आणि उरलेला अर्धा प्रेक्षक स्वतः रंगवतो. स्वस्तातल्या भयपटाचा सगळा जीव या काळोखात असतो. काळोख म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. फिल्मवर काळ्याच्या अनेक छटा येतात, त्यात काहीतरी हललं की हललं नाही, अशी शंका येते. ती शंका म्हणजेच भीती.

आता हे दृश्य व्हीएचएसवर घाला. व्हीएचएसमध्ये चित्राच्या आडव्या तपशिलाला जेमतेम २४० रेघांची जागा, आणि रंगाला तर त्याच्याहून कितीतरी कमी. टेपवर सगळ्यात आधी फुटतो तो तांबडा रंग. कडांच्या बाहेर सांडतो, शेजारच्या रंगात मिसळतो. म्हणजे गंगू रामसेंचं मुख्य हत्यार नेमकं तेच जे टेपला पेलत नाही. काळ्याच्या छटा एकमेकींत मिसळून सपाट डांबर होतं. मग ती टेप व्हीसीडीवर चढते, तिथे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डांबराचे चौकोनी तुकडे होतात. शंका संपली, भीती संपली. उरला तो गोळा.

आमच्याकडे हे सिनेमे असेच पाहिले गेले. ऐंशीच्या दशकात रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेटी, एक अमिताभची, एक देवाची आणि एक रामसेंची. देवाची आधी लावायची, म्हणजे म्हातारी माणसं झोपून जातात. टेपवर मध्येच घरघर यायची तर हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि भाड्याच्या लायब्ररीचा धंदा बसला. त्या स्वस्ताईबद्दल मी कृतज्ञ आहे, थोडा रागही आहे. पिढीच्या पिढीला वाटलं की सिनेमा असाच दिसत होता.

असाच दिसत नव्हता हे दाखवून दिलं ते इंग्लंडमधल्या एका माणसाने. पीट टोम्ब्स. १९९७ साली त्यांनी ‘मोन्डो मकाब्रो’ नावाचं पुस्तक लिहिलं, जगभरच्या विक्षिप्त, फुटपाथी, सभ्य समीक्षकांनी ओवाळून टाकलेल्या सिनेमांवर. त्यात आपल्याकडचं भूतही होतं. मग त्याच नावाने डिस्क काढणारी छोटी कंपनी उभी राहिली. तिच्या पहिल्यावहिल्या डीव्हीडींत एक होती लाहोरची. १९६७ सालचा ‘जिंदा लाश’, म्हणजे पाकिस्तानी ड्रॅक्युला. नंतर ‘बॉलिवूड हॉरर कलेक्शन’ म्हणून रामसे: ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’, ‘वीराना’ आणि ‘पुरानी हवेली’, ‘तहखाना’ आणि ‘महाकाल’. हेच सहा अलीकडे ब्लू-रेवरही आले. फाळणीने दोन बाजूंना फेकलेली भुतं एका इंग्रजाच्या फडताळात पुन्हा शेजारी-शेजारी बसली.

ती डिस्क लावून ‘बंद दरवाजा’ बघा. धुराला थर आहेत. तांबडा दारातच थांबतो, बाहेर सांडत नाही. अजय अगरवाल, म्हणजे ज्याला आपण सामरी आणि नेवला म्हणून ओळखतो तो रुडकीचा इंजिनिअर, त्याच्या चेहऱ्यावर मुखवट्यापेक्षा त्याचा स्वतःचा चेहराच जास्त आहे, हे पहिल्यांदा कळतं. सिनेमा महान होत नाही. पटकथा तशीच लंगडी राहते, गाणी तशीच मध्ये येतात. पण ज्याने दिवे लावले त्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं, एवढं उघड दिसतं. तेवढ्यासाठीच मी भांडतोय.

कुणी म्हणेल, इंग्रजांना असले शौक परवडतात. तर इंग्रजांची गोष्टही ऐका, कारण ते काही जन्मापासून उदार नव्हते. १९८४ साली, म्हणजे ज्या वर्षी ‘पुराना मंदिर’ आपल्याकडे गर्दी खेचत होता त्याच वर्षी, ब्रिटनच्या संसदेने व्हिडिओ टेपसाठी खास कायदा केला. त्याआधी तिथल्या वर्तमानपत्रांनी ‘व्हिडिओ नॅस्टीज’ म्हणून आरडाओरड केली होती, पोलिसांनी दुकानांतून टेप उचलल्या होत्या, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ७२ सिनेमांची काळी यादी केली होती. एका वितरकाला चक्क तुरुंगात जावं लागलं. त्या यादीतले कित्येक सिनेमे आज त्याच देशात, धुऊनपुसून, जाड पुस्तिकेसकट, ब्लू-रेवर मिळतात. २००९ पासून खुद्द ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी तिथली मोठी संस्था, ‘फ्लिपसाइड’ नावाने आडवाटेचे, चवचाल, स्वस्तातले ब्रिटिश सिनेमे डिस्कवर काढते. नॉर्मन जे. वॉरन नावाचा दिग्दर्शक होता, सत्तरच्या दशकात चणे-फुटाण्यांच्या पैशात रक्तपट काढायचा. त्याचा ‘इन्सेमिनॉइड’ परग्रहावर घडतो आणि तो परग्रह म्हणजे केंटमधल्या चिझलहर्स्टच्या गुहा. अगदी आपल्या मुरूडच्या राजवाड्यासारखाच जुगाड. २०१९ साली ‘इंडिकेटर’ या कंपनीने त्याच्या पाच सिनेमांचा संच काढला. वॉरन तेव्हा हयात होता. २०२१ साली तो गेला. पण त्याआधी त्याच्याशी बोलून घेतलं गेलं, सिनेमे जागेवर आले.

आणि ‘हॅमर’चा ‘ड्रॅक्युला’. १९५८ सालचा, ख्रिस्तोफर लीचा. रामसेंचं अर्धं व्याकरण तिथलं. सेन्सॉरने त्यातले काही क्षण कापले होते. ते जपानला गेलेल्या प्रिंटमध्ये शाबूत असतील अशी वदंता चाहत्यांत वर्षानुवर्षं होती. २०११ साली ती रिळं खरोखरच टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म केंद्रात सापडली. १९८४ च्या आगीत होरपळलेली, पाणी लागलेली. त्यातून काही सेकंद काढून, साफ करून ते ब्रिटनमधल्या प्रतीला जोडले गेले आणि २०१३ साली ब्लू-रे आली. मोजक्या सेकंदांसाठी अर्धं जग पालथं. आपल्याकडे रामसेंच्या प्रत्येक सिनेमावर सेन्सॉरची कात्री चालली. प्रसंगातून प्रसंगात अचानक उडी बसते, किंचाळी अर्ध्यात तुटते, तिथे ती कात्री दिसते. आपण त्यालाही ‘काय फालतू एडिटिंग आहे’ म्हणून हसतो. तो दोष बिचाऱ्या अर्जुन रामसेंच्या खात्यावर.

आता आपल्या दारात येऊ. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. ‘राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान’ नावाखाली ५९७ कोटींची योजना आहे. २०२२ साली त्यातल्या ३६३ कोटींतून २२०० सिनेमे दुरुस्त करायचं जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे, कामही होतंय. सत्यजित राय यांचा ‘प्रतिद्वंद्वी’ तिथूनच नवा होऊन त्याच वर्षी कान महोत्सवात गेला. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. त्यांनी ‘शोले’ त्याच्या मूळ शेवटासकट उभा केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला. यातल्या कुठल्याच कामाला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो ‘आधी अभिजात, मग उरलेलं’ या रांगेला. ही रांग शहाणपणाची वाटते. पण फिल्म रांगेत उभी राहत नाही, ती सडते.

हे शब्दशः घ्या. १९५० नंतरच्या बहुतेक फिल्मचा पाया सेल्युलोज अॅसिटेटचा. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो आंबतो, त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. मग फिल्म आक्रसते, वाकडी होते, शेवटी पापडासारखी तुटते. रंगीत फिल्मचे निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळं गुलाबी होतं. मुंबईची हवा यासाठी आदर्श आहे. जुलै महिन्यात ज्यांच्या कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते त्यांना मी वेगळं सांगायला नको. आणि हे आंबणं सत्यजित राय आणि श्याम रामसे यांच्यात भेद करत नाही. रांग लावायचीच तर आधी कुजणाऱ्याची लावा, दर्जाची कशाला?

यावर ठरलेलं उत्तर येतं: पैसा मर्यादित आहे. मान्य. पण इथे दोन कामांची गल्लत होते. सिनेमा दुरुस्त करणं महाग असतं. एकेक फ्रेम स्कॅन करायची, ओरखडे काढायचे, रंग लावायचे, सेकंदाला २४ फ्रेम. तो खर्च सगळ्यांवर करा असं मी म्हणत नाही. पण डबा घेऊन थंड, कोरड्या खोलीत ठेवणं हे वेगळं काम आहे आणि ते दुरुस्तीच्या मानाने फार स्वस्त आहे. जतन सगळ्यांचं, दुरुस्ती निवडक. निवड पुढच्या पिढीला करू द्या. आपल्या आवडीवर एवढा भरवसा ठेवण्यासारखं आपण काय दिवे लावलेत? ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, जुनी मोलाची रिळं गेली. तिथले जे सिनेमे आज दिसतात ते त्यांची कॉपी आधी झाली होती म्हणून.

पुस्तकांच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य केलंय. १९५४ चा कायदा आहे: पुस्तक छापलं की प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची. त्यात मुंबईही आहे. कायदा विचारत नाही की पुस्तक साहित्य अकादमीच्या तोडीचं आहे का. नारायण धारप सर्क्युलेटिंग लायब्ररीत बाइंडिंग सुटेपर्यंत वाचले जात होते तेव्हा कुठल्या प्राध्यापकाने त्यांना अभ्यासक्रमात घेतलं होतं? आज धारपांच्या नव्या आवृत्त्या निघतात. ‘तुंबाड’ची मुळं त्यांच्या गोष्टीत आहेत आणि तो ‘तुंबाड’ २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा २०१८ पेक्षा जास्त लोकांनी पाहिला. धारप हातात उरले होते म्हणून हे घडू शकलं. सिनेमासाठी असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला किंवा पॅनोरमात निवड झाली तर प्रत जमा होते. म्हणजे गुणवत्ता यादीत आलात तरच तुमचं प्रगतिपुस्तक जपून ठेवणार.

आमच्या शेजारच्या अंबरनाथला खरोखरचं पुराना मंदिर आहे. शिलाहारांचं, शके ९८२ चं. त्याच्या भिंतींवर देव आहेत तशीच कामशिल्पंही आहेत. पुरातत्त्व खात्याने कधी म्हटलं नाही की देवांचे दगड तेवढे सांभाळतो, बाकीचे काढून टाका.

सगळ्यात जास्त चिडवणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे: ‘यूट्यूबवर आहेत की सगळे!’ आहेत ना. कडा कापलेले, कोपऱ्यात दोन-दोन चॅनेलांचे लोगो भाजून निघालेले, काही सेन्सॉरच्या टीव्ही कात्रीतून आणखी अर्धा तास लहान झालेले. आणि आता वर ‘फोर के’ अशी पाटी. हे ‘फोर के’ म्हणजे काय, तर त्याच सडक्या टेपवर एआय फिरवून चेहऱ्याला इस्त्री. जो तपशील टेपवर नाही तो मशीन स्वतःच्या मनाने भरतं. कातडी मेणाची होते, डोळ्यांच्या जागी कुणा दुसऱ्याचे डोळे येतात, धूर म्हणजे घाण समजून पुसला जातो. गंगू रामसेंनी पैसे देऊन केलेला धूर! कॅम्प दोनमध्ये याला डुप्लिकेटही म्हणणार नाहीत. आमचा डुप्लिकेटवाला निदान ओरिजिनल समोर ठेवून काम करतो.

आणि हे कुणाच्या परवानगीने चालतं? ‘पुराना मंदिर’ची गोष्ट आठवा. सामरीचं मुंडकं उडवून एका पेटीत बंद करतात, धड दुसरीकडे पुरतात. दोन्ही एकत्र आली की तो उठतो. आपल्या जुन्या सिनेमांचं अगदी हेच झालंय. हक्क एकीकडे, निगेटिव्ह दुसरीकडे. निर्मात्याने गरजेच्या वेळी व्हिडिओचे हक्क एकाला, टीव्हीचे दुसऱ्याला, परदेशातले तिसऱ्याला विकलेले. निगेटिव्ह कुठल्यातरी लॅबमध्ये. डिजिटल आलं, लॅब बंद पडल्या, डबे मालकाची वाट बघत राहिले. ज्याच्याकडे हक्काचा कागद आहे त्याला फिल्मशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी सिनेमा म्हणजे अपलोड करायची फाइल. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट हक्कधारक कंपनीने एआयने बदलून लावला. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष यांनी जाहीर निषेध केला, तरी लावला. आनंद राय आणि धनुष यांचं ऐकलं जात नसेल तर रामसेंचं कोण ऐकणार?

एक आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. या सिनेमांत बाईचं काय केलंय? आंघोळीचे प्रसंग, ओल्या साड्या, बळजबरी आणि लगेच त्यावर विनोद. माझ्या एका मैत्रिणीने विचारलं की ज्या सिनेमाने आम्हाला असं बघितलं तो लख्ख करून पुन्हा बघायचा कशाला. प्रश्न खरा आहे, आणि ‘त्या काळी चालायचं’ हे उत्तर मला देववत नाही. पण पुसट कॉपी त्या नजरेला माफीच देते. गंमत होऊन जाते तिची. स्वच्छ प्रतीत ती नजर उघडी पडते, कॅमेरा कुठे ठेवलाय, कुणासाठी ठेवलाय, सगळं दिसतं. आणि दुसरंही काहीतरी दिसतं. ‘पुराना मंदिर’चा शाप काय आहे? त्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार. १९८४ साली, प्रसूतिगृहात गेलेली बाई घरी परत येईल की नाही हे धरून न चालणाऱ्या लाखो प्रेक्षकांसमोर, हा शाप ठेवला होता. समांतर सिनेमाने हा विषय किती वेळा घेतला, मोजून बघा. आणि त्या पडद्यावर ललिता पवार आहेत, ‘महाकाल’मध्ये रीमा लागू आहेत. आपण ज्यांना डोक्यावर घेतलं त्या मराठी बायकांच्या कामाचाच हा भाग आहे. तो गोळा करून टाकायला परवानगी कुणी दिली?

वेळ मात्र आपल्या हातात फारसा नाही, आणि काही वेळ निघूनही गेला. केशू २०१० मध्ये गेले. तुलसी डिसेंबर २०१८ मध्ये. श्याम सप्टेंबर २०१९ मध्ये. कुमार २०२१ मध्ये. आणि ७ एप्रिल २०२४ रोजी गंगू रामसे गेले, वयाच्या ८३ व्या वर्षी. फिल्म स्कॅन केल्यावर रंग लावायचे असतात. तेव्हा प्रश्न पडतो: हा जिना किती काळोखात हवा? हा तांबडा किती तांबडा? स्कॅनर हे सांगू शकत नाही. कॅमेरामन शेजारी बसवतात आणि तो म्हणतो, अजून थोडं खाली घे, चेहरा दिसता कामा नये. त्या खुर्चीत बसू शकणारा माणूस आता नाही. यापुढे जो कुणी हे सिनेमे उभे करील तो अंदाजाने करील. अंदाज बरा यायचा तर थिएटरमधल्या मूळ प्रिंटा हव्यात, निदान त्यांचे तुकडे. ज्यांनी तेव्हा प्रोजेक्टर चालवले ती माणसं हवीत. तीही सत्तरीपुढे गेलीत. आमच्याकडे कॅम्प चारला व्हीनस चौक आहे. रिक्षावाला अजून ‘व्हीनस, व्हीनस’ ओरडतो आणि मागे बसलेल्या पोराला ते टॉकीजचं नाव आहे हे माहीत नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. पुस्तकांसाठी आहे तसा सक्तीच्या जमा-प्रतीचा कायदा सिनेमाला लावा, आणि त्यात दर्जाची अट नको. बंद पडलेल्या लॅबमधले बेवारस डबे संग्रहालयाने उचलावेत, हक्कांचं भांडण नंतर मिटेल. आणि ‘रिस्टोअर्ड’ हा शब्द छापणाऱ्याने तो सिनेमा कशावरून केला हे पाटीवर लिहावं: निगेटिव्ह, प्रिंट की टेप. तुपाच्या डब्यावर लिहावं लागतं, सिनेमावर का नको?

रामसेंनी १९७१ साली एक सिंधी सिनेमाही काढला होता. १९५८ च्या ‘अबाणा’नंतर भारतात सिंधी सिनेमे निघाले ते बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक. नाव ‘नकली शान’. भूत वगैरे नाही त्यात. डिस्क काढणाऱ्या परदेशी कंपनीला तो नको असणार, कारण त्यात मुखवटा नाही. अभिजातवाल्यांना नको असणार, कारण तो रामसेंचा आहे. कॅम्प दोनमधल्या कुणाच्या माळ्यावर त्याची टेप, पोस्टर, गाण्यांचं चोपडं, काहीही असेल तर ते येत्या पावसाळ्याआधी खाली काढा. टेप असेल तर लगेच चालवून बघू नका. आधी हुंगून बघा, बुरशीचा वास येत असेल तर मशीनमध्ये घालूच नका. कोरड्या कपड्यात गुंडाळून उभी ठेवा आणि माहीतगाराला दाखवा.